भाऊसाहेबांचा तोतया आणि पानिपतची चादर

गेल्या थंडीत मी ऑनलाइन एक सोलापुरी चादर मागवली. फोटो सुरेख होता आणि मजकूर त्याहून सुरेख. आजोबांनी घरातल्या पडवीत पहिला माग कसा बसवला, आजी कांड्या भरायची, पावसाळ्यात सूत दमट होऊ नये म्हणून काय काय करावं लागे, असं सगळं त्यात होतं. मी वाचून विरघळलो आणि पैसे भरले. सहा दिवसांनी पार्सल आलं, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता पानिपत. चादर वाईट नव्हती, मऊ होती, हलकी होती. पण सोलापुरी चादर हाताला आधी जड लागते, नवी असताना थोडी बोचते आणि धुता धुता माणसाळते. ही पहिल्या दिवसापासूनच माणसाळलेली होती.

मग जरा शोधाशोध केली. तोच मजकूर, तोच आजोबांचा फोटो सोलापूरच्या एका व्यापाऱ्याच्या पानावर सापडला, तीन वर्षं आधीचा. मूळ मजकुरात ‘टिकाऊ’ हा शब्द ‘टिकावू’ असा छापला होता. पानिपतच्या पानावरही तो ‘टिकावू’च होता. नकाशे काढणारे म्हणे पूर्वी मुद्दाम एखादी नसलेली गल्ली नकाशात घालून ठेवत, चोर ओळखता यावा म्हणून. इथे ते काम शुद्धलेखनाच्या चुकीने आपसूक केलं.

सोलापूरच्या यंत्रमागधारकांना यात नवल वाटणार नाही. पानिपतहून येणारा स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवला जातो ही त्यांची जुनी तक्रार. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली, महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या नोंदणींपैकी त्या आहेत. तरी नक्कल थांबली नाही. नवी गोष्ट एवढीच, की पूर्वी चादरीची नक्कल व्हायची, आता चादरीभोवतीच्या बोलण्याचीही होते. फोटो, मजकूर, व्हिडिओ आणि आजोबासुद्धा.

यावर हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो. व्यवसायात आपलं व्यक्तिमत्त्व ओता, स्वतः कॅमेऱ्यापुढे या, आपल्या भाषेत बोला. माल कुणीही चोरेल, तुम्हाला कोण चोरणार? सल्ला अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी पानिपतलाच जावं लागतं, कारण माणूस चोरण्याचा आपल्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रकार तिथूनच सुरू झाला.

१४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी, अब्दालीविरुद्धच्या पानिपतच्या लढाईत मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लढाईची हकिगत लिहून ठेवली आहे. तिच्यात भाऊंचं धड प्रेतांच्या ढिगात सापडल्याचं आणि ते अंगावरच्या खुणांवरून ओळखल्याचं येतं. डोकं धडाबरोबर नव्हतं. एवढी फट पुरेशी झाली. पुण्यात त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही, आणि काही वर्षांत ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक माणूस उभा राहिला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण होता, चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून किल्ल्यांवर कैदेत ठेवलं. पण माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्याचा कारभार डळमळला, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला कैदेतून काढून भाऊसाहेब म्हणून पुढे केलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि हजारोंची फौज जमली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, पळताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांनी १९१३ साली यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

या गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते असं. चेहरा सारखा असणं हे तोतयाचं भांडवल होतं खरं, पण त्याला बळ दिलं ते गिऱ्हाइकांनी. कुणाला भाऊ जिवंत हवे होते, कुणाला नाना फडणिसांविरुद्ध एक निशाण हवं होतं. खऱ्याची किंमत न देता खऱ्याचा लाभ हवा असणारे लोक असले, की नक्कल चालते. आणि तोतया कोसळतो तो चेहऱ्यामुळे नाही. खऱ्या माणसाला ओळखणारे लोक समोर बसून प्रश्न विचारू लागतात तेव्हा तो कोसळतो.

आता कायद्याकडे. कायदा म्हटला की वाचक पान उलटतो, पण इथे तो अनपेक्षितपणे माणसाच्या बाजूने बोलतो. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. मजकूर लिहिला, फोटो काढला, व्हिडिओ केला, की हक्क आपोआप जन्मतो; नोंदणी सक्तीची नाही, ती पुराव्याला उपयोगी पडते इतकंच. मात्र हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलल्याचा दावा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला तो याच कारणावरून: विषय एक असेल, पण मांडणी वेगळी आहे. म्हणजे तुम्ही चादरीबद्दल आजोबांच्या आठवणीतून सांगता ही कल्पना कुणीही घ्यावी. तुमचे आजोबा आणि तुमची वाक्यं मात्र घेऊ नयेत.

दुसरा निकाल डिसेंबर २००७ चा, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक. कंपनी न्यायालयांचे निवाडे संपादित करून छापायची, समोरच्यांनी ते सॉफ्टवेअरमध्ये घातले. निवाडा हा कुणाच्या मालकीचा नाही. मग संपादनाच्या कष्टावर हक्क मिळतो का? न्यायालयाने सांगितलं, नुसता घाम पुरत नाही, किमान काही सर्जन दिसलं पाहिजे. आणि संपादकांनी जिथे स्वतःची बुद्धी वापरून भर घातली होती तेवढ्या भागाला संरक्षण दिलं. याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक ऑनलाइन दुकानदारांच्या ध्यानात आलेला नाही. ‘शंभर टक्के सुती, साठ बाय नव्वद इंच, लाल आणि काळ्या रंगात उपलब्ध’ हे वाक्य कुणाचंच नाही. ते कुणी उचललं तर तक्रार करायला जागा नाही. ‘ही चादर पहिल्या दोन धुण्यांत तुमच्याशी भांडेल’ हे वाक्य मात्र तुमचं. मजकुरात जितका माणूस, तितका कायद्याचा हात लांब पोचतो.

पण कापडाच्या धंद्यातल्या माणसाला मजकुराहून नक्षीची काळजी जास्त असते, आणि तिथे कायदा जवळजवळ क्रूर आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) म्हणतं: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि ती यंत्राने पन्नासपेक्षा जास्त वेळा उतरवली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपला. यंत्रमागावर पन्नास म्हणजे काय! नोंदवायची तर २००० चा डिझाइन कायदा आहे. त्यात दहा वर्षं मिळतात, पुढे पाच वाढवता येतात. पण अट अशी, की नक्षी आधी कुठे प्रसिद्ध झालेली नसावी. उत्साहाच्या भरात नवा नमुना आधी इन्स्टाग्रामवर टाकणारा विणकर आपल्याच हाताने ही वाट बंद करून बसतो. आणि नोंदणी असली तरी त्या कायद्यातली ठरीव भरपाई प्रत्येक उल्लंघनाला पंचवीस हजार, एका डिझाइनमागे फार तर पन्नास हजार रुपये. मनाई हुकूम मागता येतो, वेगळा नुकसानभरपाईचा दावाही लावता येतो, पण तोवर दिवाळीचा हंगाम गेलेला असतो.

मजकूर-फोटोची चोरी सापडली तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला पंचाहत्तरावा नियम आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर तो मजकूर साठवून दाखवणाऱ्या मध्यस्थाने छत्तीस तासांत तो बंद करायचा. तक्रारदाराने एकवीस दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर तो पुन्हा खुला करायची मध्यस्थाला मोकळीक. मोठे प्लॅटफॉर्म अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्याला धरून आपापले तक्रार-अर्ज चालवतात, ते बरेचदा याहून झटपट निघतात. अर्ज भरला की पान जातं. आठवड्याने त्याच फोटोसह दुसऱ्या नावाचं दुकान उघडतं.

म्हणूनच लोक व्यक्तिमत्त्वाकडे वळतात, आणि ते आपल्याकडे आजचं नाही. पुण्यातल्या दुकानांवरच्या ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीची आपण यथेच्छ टिंगल केली. ती पाटी म्हणजे नक्कलखोरांविरुद्धची नोटीसच होती: गल्ल्यावर बसलेला हा खडूस माणूस दिसला तरच माल खरा. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं. तिथी कुणाच्या मालकीची नसते, एकादशीवर कॉपीराइट नाही. त्याच आकड्यांची कॅलेंडरं ढिगाने निघाली, रकाने तसेच, मागच्या बाजूला पाककृती तशाच. पण मुहूर्त बघताना घरातली बाई साळगांवकरांचं नाव बघायची. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. पाककृतीवर हक्क सांगणं फार कठीण, साहित्य आणि प्रमाण यांची यादी कुणीही लिहू शकतो. पण वाटी-चमच्याच्या मापात, शेजारी उभं राहून सांगावं तसं सांगणाऱ्या कमलाबाई एकच. आज मधुरा बाचल यांच्या ‘मधुराज रेसिपी’ची ताकदही तीच. पुरणपोळी सगळ्यांची आहे, पण पोळी फुटली तर काय करायचं हे सांगणारा आवाज त्यांचा आहे, आणि पुढे मसाले निघाले तेही त्याच नावाने.

व्यक्तिमत्त्व इथे नेमकं कसं काम करतं, ते नीट पाहायला हवं. ते चोरी थांबवत नाही, एकदाही नाही. ते साक्षीदार तयार करतं. याचं उत्तम उदाहरण पुण्यातच घडलं. एप्रिल २०२५ मध्ये चितळे बंधूंच्या बाकरवडीच्या नकलेबद्दल पोलिसांत तक्रार दाखल झाली. तक्रारीनुसार दुसऱ्याच एका व्यावसायिकाच्या पाकिटावर चितळे बंधूंच्या ग्राहकसेवेचा तपशील छापलेला होता. आणि प्रकरण उघडकीला आलं कसं? चव बदलल्याच्या ग्राहकांच्या तक्रारी चितळ्यांकडे येऊ लागल्या म्हणून. आरोपाचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मला रस आहे तो त्या ग्राहकांत. वर्षानुवर्षं एकच चव जिभेवर बसवलेल्या माणसांनी आपण होऊन पहारा दिला. सर्वसाधारण बाकरवडीच्या बाबतीत कुणी फोन उचलला नसता.

हेच ऑनलाइन. रोज पाचशे लोकांना स्वतःच्या ढंगात उत्तरं देणाऱ्या विक्रेत्याचा व्हिडिओ कुणी चोरला, तर त्याला पहिल्यांदा कळवतात ते त्याचेच प्रेक्षक: ‘दादा, हा बघा तुमचा आवाज काढून टाकलाय.’ मजकूर चोरता येतो, मजकुराखाली चाललेला संवाद चोरता येत नाही. चोराला एक दिवसाचं सोंग जमतं. दोन वर्षं रोज तेच सोंग वठवायचं तर त्याला मूळ माणसाइतकंच काम पडतं, आणि तेवढं काम करायची तयारी असती तर तो चोर कशाला झाला असता?

मात्र या उपायाची दुसरी बाजू सल्ला देणारे सांगत नाहीत. व्यक्तिमत्त्व जितकं ठसठशीत, तितके त्याच्या नावावर खपणारे जास्त. पु. ल. देशपांड्यांकडे पाहा. त्यांच्याइतकी ओळखीची शैली मराठीत दुसरी नसेल, आणि त्यांनी न लिहिलेला जितका मजकूर त्यांच्या नावावर फिरतो तितकाही दुसऱ्या कुणाचा फिरत नसेल. व. पु. काळ्यांचं तेच, नाना पाटेकरांचं तेच. माझाच एक लेख मला एका नातेवाइकाने ‘पुलंचा अप्रतिम लेख’ म्हणून पाठवला होता. चोरी झाल्याचं दुःख मानावं की बढती झाल्याचा आनंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नावाचीही एक गंमत आहे. स्वतःचं आडनाव दुकानाला दिलं, की ते आपलं झालं असं वाटतं. पण १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ कुणालाही स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरू देतं. सोलापुरात चाटला आणि पुलगम ही आडनावं चादरीची प्रत सांगायला वापरली जातात, ती पिढ्यांच्या कामामुळे. पण कुठल्याही आडनावाचा दुसरा माणूस जन्माला येण्यावर बंदी नाही, आणि ‘प्रामाणिकपणे’ या एका शब्दावर वर्षानुवर्षं खटले चालतात. शिवाय माणूस हाच धंद्याचा शिक्का झाला, की तो आजारी पडला तर धंदा आजारी. उद्या मुलाने धंदा विकायला काढला तर काय विकणार? बाबांचा आवाज गुदामात राहत नाही.

आवाजावरून आठवलं. आजवर एक शेवटची तटबंदी होती, माणसाचा गळा. अमेरिकेत बेट मिडलर या गायिकेने जाहिरातीला नकार दिल्यावर तिच्यासारखं गाणारी बाई बसवली गेली, तेव्हा १९८८ मध्ये तिथल्या न्यायालयाने आवाजाची मुद्दाम केलेली नक्कलही दोषपात्र ठरवली. तेव्हा नक्कल करायला निदान दुसरी बाई तरी लागत होती. आता मिनिटभराची ध्वनिफीत पुरते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध संरक्षण दिलं. दिल्लीत अमिताभ बच्चन, अनिल कपूर, जॅकी श्रॉफ यांना त्याआधीच व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचे हुकूम मिळाले होते. निकाल चांगले आहेत. पण या हक्काचा पाया प्रसिद्धी हा आहे. सोलापूरच्या व्यापाऱ्याचे आजोबा न्यायालयाच्या लेखी प्रसिद्ध नाहीत. त्यांच्यासाठी उरतो तो फोटोचा आणि मजकुराचा कॉपीराइट आणि दुसऱ्याच्या नावावर माल खपवल्याचा जुना दावा.

इथवर लिहून झाल्यावर पानिपतबद्दल मात्र न्यायाने बोलायला हवं, नाहीतर आपण अब्दालीचं उट्टं चादरवाल्यावर काढल्यासारखं होईल. दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटरवरचं हे गाव आपल्याला काला आंब आणि संक्रांतीपुरतं माहीत. ते विणकरांचं गाव आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी इथे माग वाढवले; दऱ्या, खेस, पायपोसं, ब्लँकेटं इथून जगभर जातात. युरोप-अमेरिकेने टाकून दिलेले लोकरी कपडे जहाजाने कांडल्याला उतरतात, इथे येऊन रंगांप्रमाणे निवडले जातात, फाडले जातात आणि त्यांच्या धाग्याची ब्लँकेटं होतात. भूकंपात, पुरात मदत म्हणून वाटलेलं करडं ब्लँकेट अनेकदा इथलंच असतं. या सगळ्या कामाला चेहरा नाही. परदेशी खरेदीदार नक्षी पाठवतो, लेबल पाठवतो, माल त्याच्या नावाने विकला जातो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावाचं लेबल शिवण्यात ज्याचा धंदा गेला, त्याला ‘सोलापुरी’ हे आणखी एक लेबल वाटलं तर मला राग येतो, आश्चर्य वाटत नाही.

आणि त्यांच्यावरही हीच पाळी आलेली आहे. पानिपतचं पचरंगा लोणचं उत्तर भारतात प्रसिद्ध, पण जी. टी. रोडवरून जाताना पाट्या वाचाव्यात. ‘पचरंगा’ या शब्दाच्या पुढेमागे काही ना काही जोडलेली दुकानं एकामागून एक लागतात, आणि खरं कुठलं हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. गाडीवाले ज्याच्या त्याच्या सवयीच्या दारात थांबतात. तिथलं जुनं गिऱ्हाईक दुकान पाटीवरून ओळखत नाही, गल्ल्यावरच्या माणसावरून ओळखतं. म्हणजे फिरून ‘आमची कोठेही शाखा नाही’.

चादरीच्या पार्सलावर एक मोबाइल नंबर होता. राहवेना म्हणून मी फोन लावला. पलीकडे पंचविशीतला मुलगा असावा, फार अदबीने बोलला. मी म्हटलं, चादर मिळाली, छान आहे. एकच विचारायचं होतं, तुमच्या आजोबांचा माग सोलापुरात कुठल्या पेठेत होता? तो क्षणभर थांबला. मग त्याने हिंदीत, जराही न ओशाळता सांगितलं, की त्याच्या आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली, ते पश्चिम पंजाबातल्या झंगहून आले होते आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यात दरी विणत होते. हा फोटो आणि मजकूर त्याला मालाच्या कॅटलॉगबरोबरच आला होता. त्याच्या आजोबांचा एखादा फोटो आहे का, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, शोधावा लागेल.

महिन्याभराने त्याचं पान पुन्हा पाहिलं. सोलापूरचे आजोबा तिथेच होते.